चार कानांचा पतंग

माझ्या मावशीनं आयुष्यात एकदाच दुसऱ्याच्या टेबलावर हात आपटला, आणि त्यात तिच्याच करंगळीचं हाड मोडलं. टेबल होतं संग्रहालयाच्या प्रमुखांचं. त्यांना सगळे साहेब म्हणत. भांडण होतं एका पतंगावरून. हा पतंग म्हणजे दिव्याभोवती फिरणारा किडा, अंगठ्याच्या नखाएवढा, राखेच्या रंगाचा, आणि मरून एकतीस वर्षं झालेला.

मावशी कीटक टोचायचं काम करायची. ऐकायला हे क्रूर वाटतं, पण काम नाजूक. मेलेला पतंग काही तासांत ताठ होतो. त्याला ओल्या कापसाच्या बंद डब्यात दीड-दोन दिवस ठेवायचं. सांधे मऊ पडले की छातीतून टाचणी घालायची, पंख लाकडी फळीवर पसरायचे, कागदाच्या पट्ट्यांनी दाबून ठेवायचे, आणि वाळला की खाली लेबल लावायचं : कुठे सापडला, कधी, कुणाला. पंखाला बोट लागलं की त्याची पूड निघते, आणि पूड गेली की ओळख गेली. म्हणून सगळं चिमट्यानं, श्वास रोखून. दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत पंखा कधीच लावत नसत. उन्हाळ्यात घामाचा थेंब नाकावरून खाली पडायच्या आत तो खांद्यानं पुसायची तिला सवय होती. संग्रहालयात तिला टाचणी म्हणत. अंगानं तशीच होती, आणि जिभेनंही.

तिच्या आधी हेच काम माझे आजोबा करायचे. मावशी त्यांची धाकटी मुलगी, माझी आई थोरली. आई लग्न करून दोन रस्ते पलीकडे राहायला गेली. मावशीनं लग्न केलं नाही, ती आजोबांकडेच राहिली. आजी लवकर गेली होती. मी तेव्हा नर्सिंग शिकत होते आणि कॉलेज जवळ पडतं म्हणून त्या दोघांकडे राहायचे. त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि जे पाहिलं नाही ते मावशीनं इतक्यांदा सांगितलंय की पाहिल्यासारखंच झालंय.

आता त्या पतंगाचं सांगते. तो जगात एकच होता. म्हणजे सापडलेला एकच. उत्तरेकडच्या एका टेकडीवर रस्त्याचं मोजमाप करणाऱ्या कुणा माणसानं धरला आणि काडेपेटीत घालून संग्रहालयाला पाठवला. तेव्हा साहेब तिशीचे होते, नुकतेच रुजू झालेले. त्यांनी तो मायक्रोस्कोपखाली घेतला आणि त्यांना दिसलं की याला चार कान आहेत.

पतंगांना कान असतात. वटवाघूळ आलं की कळावं म्हणून. काही कुळांतल्या पतंगांचे कान छातीवर असतात, काहींचे पोटाच्या सुरुवातीला. माणसाचे जसे डोक्यावर, तसं हे ठरलेलं. कान कुठे आहेत यावरून पतंग कुठल्या घराण्यातला हे अर्धंअधिक ठरतं. या पट्ठ्याला मात्र दोन छातीवर आणि दोन पोटावर. साहेबांनी लेख लिहिला, याच्यासाठी नवीन कुळ काढलं, आणि रातोरात मोठे झाले. जगभर वाद पेटला. कुणी म्हणे याला या कुळात घाला, कुणी म्हणे त्या. पंखांच्या शिरा कुठल्याच कुळाशी जुळत नव्हत्या. एका दूरच्या विद्यापीठातली एक संशोधक बाई तर दर दोन वर्षांनी पत्र लिहायची की असा प्राणी असूच शकत नाही, मला पोट उघडून बघू द्या. साहेब उत्तर धाडायचे : नमुना एकमेव आहे, त्याला सुरी लागणार नाही. दोनदा माणसं दिवे आणि चादरी घेऊन त्या टेकडीवर जाऊन आली. दुसरा पतंग मिळाला नाही.

"चार कान आहेत त्याला," मावशी म्हणायची, "आणि साहेबांना एकही नाही." कारण ती कधीकधी सांगायची की या पतंगाचं पोट छातीच्या मानानं मोठं वाटतं, आणि साहेब ऐकल्यासारखंही करायचे नाहीत.

लेखाला तीस वर्षं झाली तेव्हा साहेबांच्या गौरवाचं पुस्तक निघणार होतं. मुखपृष्ठावर पतंगाचा नवा फोटो हवा होता. पण इतक्या वर्षांत त्याचा उजवा पंख खाली झुकला होता. साहेबांनी मावशीला बोलावून सांगितलं, "पंख उचला. पण पाणी लावू नका. कोरडाच उचला."

कोरडा पंख उचलायचा म्हणजे तो मोडायचाच, हे टोचणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यात कळतं. मावशीला वाटलं, साहेबांनी हातानं कधी काम केलेलं नाही, बोलले काहीतरी. तिनं मंगळवारी दुपारी पतंग ओल्या डब्यात ठेवला. गुरुवारी सकाळी दहा वाजता झाकण काढलं तर पोट गळून कापसावर पडलेलं.

ती सांगायची की तिच्या पायाखालची जमीनच सरकली. तीस वर्षांत तिच्या हातून एक मिशी मोडली नव्हती. मग तिनं पोट चिमट्यानं उचललं, मायक्रोस्कोपखाली धरलं, आणि भीती जाऊन दुसरंच काहीतरी चढायला लागलं. पोटाच्या तोंडाशी एक पिवळसर कडं होतं. सरसाचं. ओलाव्यानं मऊ पडून चिकट झालेलं. तिनं पतंगाची बाजू पाहिली. तिथेही सरस, आणि त्याच्या आत, कुरतडलेल्या कडेचा, पोटाचा मूळ बुडखा. म्हणजे पतंगाचं खरं पोट कधीतरी कशानं तरी खाल्लं होतं, आणि त्यावर दुसऱ्याच पतंगाचं पोट आणून बसवलं होतं. त्या उसन्या पोटाबरोबर दोन उसने कानही आले होते. मूळ बुडख्यावर कानाचा मागमूस नव्हता.

तो पिवळा सरस कुणाचा हेही तिला कळलं. सरस तडकू नये म्हणून त्यात थेंबभर मध घालायची खोड एकाच माणसाला होती. पण तो विचार तिनं तिथेच दाबला आणि ट्रे घेऊन साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, हे पोट याचं नाही. चिकटवलेलं आहे. तुम्ही या आणि बघा."

साहेब उठले नाहीत. एरवी कुणी त्या पतंगाच्या ड्रॉवरजवळ शिंकलं तरी जिन्यावरून धावत येणारा माणूस, पण खुर्चीतून हलला नाही. ट्रेकडे बघितलंही नाही.

"पाणी लावू नका म्हणून सांगितलं होतं मी," ते म्हणाले. "मोडलंत तुम्ही ते."

"मोडलेलं असं दिसतं का? सरस आहे दोन्हीकडे. एकदा बघा तरी!"

"ट्रे ठेवा आणि जा."

मावशी बाहेर आली. 'पाणी लावू नका' म्हणजे काय ते जिना उतरताना तिच्या ध्यानात आलं. ज्याला सरसाची कल्पना आहे तोच पाण्याला घाबरतो. म्हणजे हा माणूस तीस वर्षं जाणून होता. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात कागद पडला : दुर्मिळ नमुन्याचं निष्काळजी हाताळणीमुळे नुकसान, खुलासा करावा. चोर तो चोर, वर शिरजोर.

कागद घेऊन ती भर दुपारी घरी आली. आजोबा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. खिडकीशी बसून ते कागदाच्या बारीक पट्ट्या कापत. गरज नव्हती, पण हाताला काम हवं म्हणून. मावशी चपला न काढता त्यांच्यासमोर उभी राहिली. मी आतल्या दारात होते.

"बाबा, त्या पतंगाचं पोट तुम्ही चिकटवलंत?"

"कुठल्या पतंगाचं?"

"कुठल्या ते तुम्हाला माहीत आहे."

कात्री थांबली. त्यांनी ती पट्ट्यांवर ठेवली. मग म्हणाले, "तुझी आई तेव्हा दवाखान्यात होती."

हळूहळू सगळं बाहेर आलं. काडेपेटी आली त्या आठवड्यात आजी शेवटच्या दुखण्यात होती. आजोबांनी पतंग टोचला, वाळत ठेवला, आणि पेटीत डांबरगोळ्या टाकायच्या राहून गेल्या. आठ दिवसांनी परत आले तर संग्रहालयांत असते ती केसाळ अळी पतंगाचं पोट खाऊन बसली होती. साहेबांनी नमुना अजून नीट पाहिला नव्हता. नवा साहेब, घरात आजारपण, दोन मुली. आजोबांनी टाकाऊ पतंगांच्या ताटलीतून तशाच रंगाचं एक पोट शोधलं आणि लावलं.

"वाटलं, पोटाकडे कोण बघतंय? सगळे पंखच बघतात."

"आणि त्यांनी नेमकं पोटच बघितलं."

"हो ना," आजोबा म्हणाले, आणि कसंनुसं हसले. त्या हसण्यानं मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हसता काय! तीस वर्षं मूग गिळून बसलात?"

"नाही गं. मी सांगितलं होतं साहेबांना. छापून यायच्या आधीच. त्यांच्या खोलीत जाऊन, दार लावून सांगितलं. चार कानांत राहिली तर गोष्ट राहते म्हणतात, म्हणून तिसऱ्या कुणाला कळू दिलं नाही."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, तुम्ही दमलायत, बायको गेलीय, तुमच्या आठवणीत घोळ झालाय. घरी जा, विश्रांती घ्या." आजोबांनी पट्ट्या सारख्या केल्या. "आणि म्हणाले, तुमची धाकटी सध्या काय करते?"

मावशीनं हातातला कागद चुरगळला. मला आधी कळलंच नाही की एवढं काय झालं. मग तिचा चेहरा पाहिला आणि कळलं. तिची नोकरी. एकविसाव्या वर्षी तिनं परीक्षा दिली होती, भाताच्या दाण्याएवढे पाच पतंग दोन तासांत टोचून दाखवले होते, आणि आयुष्यभर ती गोष्ट अभिमानानं सांगत आली होती.

"मी परीक्षा दिली होती," ती म्हणाली.

"दिली होतीस. उत्तम दिली होतीस." आजोबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "पण जागा आधी नव्हती. ती नंतर निघाली."

तिनं त्यांच्यासमोरचा पट्ट्यांचा ढीग एका हातानं जमिनीवर लोटला आणि आत गेली. त्या दिवसापासून ती आजोबांशी बोलेनाशी झाली. जेवण वाढायची, गोळ्या हातावर ठेवायची, पाठ चोळून द्यायची, पण शब्द एकच : "घ्या."

संध्याकाळी आई आली. तिला मी फोन केला होता, आणि मग वाटलं की उगाच केला.

"तू हे कुणापुढे बोलणार नाहीस," आई म्हणाली. "खुलासा दे, माफी माग, विषय संपव. बाबांचं वय काय! उद्या लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं जगाला फसवलं."

"फसवलंच आहे."

"एका किड्याचं पोट चिकटवलं त्यांनी! कुणाचा खून नाही केला."

"आणि माझं काय? मला कामावर ठेवलं ते गप्प राहायची किंमत म्हणून. मला न विचारता! मी तीस वर्षं त्या माणसाला नमस्कार करत आले, ताई. सकाळ-संध्याकाळ."

"पोट भरलं ना त्याच्यावर? मग झालं."

"पोट!" मावशी ओरडली. "पुन्हा पोटच!"

एरवी हसलो असतो सगळे. त्या दिवशी कुणी हसलं नाही. आई पिशवी उचलून निघून गेली आणि जाताना दार असं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ वाकडं झालं.

सोमवारी मावशी पुन्हा साहेबांकडे गेली. खुलासा लेखी मागितला होता, पण तिनं तोंडी दिला. आजोबांनी सांगितलेलं सगळं तिनं त्यांना ऐकवलं, तारीखवार. बाहेर टायपिस्ट बसली होती, तिनं मशीन थांबवून ऐकलं, असं तिनंच नंतर आम्हाला सांगितलं. साहेबांचा आवाज अजिबात चढला नाही.

"तुमच्या वडिलांचं वय झालंय. आणि तुम्हीही जरा विचार करून बोला. ही नोकरी तुम्हाला कुणी दिली, हे विसरू नका."

तेव्हा तिनं हात आपटला. टेबलावरची काच तडकली आणि करंगळी मोडली. ती म्हणाली, "ही नोकरी मला माझ्या हातांनी दिली," आणि तो हात बगलेत धरून बाहेर आली. टायपिस्टनं तिला दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा प्लास्टर घालणं चालू होतं आणि ती डॉक्टरला सांगत होती की पट्टी इतकी जाड नको, मला चिमटा धरायचाय. हाड वाकडंच जुळलं. ते बोट नंतर कधीच पुरतं मिटलं नाही.

चौकशी समिती बसली. तीन माणसं. मावशीनं त्यांच्याकडे एकच मागणी केली : मायक्रोस्कोप टेबलावर ठेवलाय, प्रत्येकानं एक मिनिट डोळा लावा. दोघं म्हणाले, तो आमचा विषय नाही. तिसऱ्या होत्या वनस्पती विभागाच्या एक वयस्क बाई. त्यांनी चष्मा काढून पाहिलं. एक मिनिट नाही, पाच मिनिटं पाहिलं. मग म्हणाल्या, "हे चिकटवलेलं आहे." अहवालात त्यांचं मत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आलं. आजोबांनीही तीन पानी पत्र लिहून दिलं होतं. ते वाचून समितीतला एक जण हसत म्हणाला, "मुलीला वाचवायला बाप काहीही लिहील."

हे वाक्य मावशीला सगळ्यात जास्त झोंबलं. आयुष्यात एकदा बापानं खरं लिहिलं, तर तेच खोटं ठरलं.

निकाल लागला : निष्काळजीपणा सिद्ध. तिला कीटक विभागातून काढून तळमजल्यावर, येणाऱ्या लोकांच्या पिशव्या ठेवून घेण्याच्या खिडकीवर बसवलं. पिशवी घ्यायची, पितळी बिल्ला द्यायचा. बिल्ला घ्यायचा, पिशवी द्यायची. साहेबांच्या गौरवाचं पुस्तक थाटात निघालं. मुखपृष्ठावर जुनाच फोटो होता, झुकलेल्या पंखाचा. पुस्तकाची एक प्रत कुणीतरी खोडसाळपणे तिच्या खिडकीत आणून ठेवली. तिनं ती पिशवी समजून फळीवर ठेवली आणि आणून ठेवणाऱ्याला बिल्ला दिला.

मला वाटलं, ही आता खचणार. पण ती रागावर जगली. राग तिला जेवणासारखा लागायचा. जेवणाच्या सुट्टीत ती संग्रहालयाच्या ग्रंथालयात जाऊन आवक नोंदींची जुनी पुस्तकं काढून बसायची. कर्मचारी होती, तिला कोण अडवणार? तिसऱ्या आठवड्यात तिला ती नोंद मिळाली. मोजमाप करणाऱ्या माणसाच्या पत्रातली एक ओळ आजोबांनी तिथे स्वतःच्या हातानं उतरवली होती : चुन्याच्या जुन्या भट्टीची भिंत, सकाळी दहाच्या सुमारास, ऊन आल्यावर उडत होता.

"सकाळी दहा!" ती घरी येऊन मला म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "दोनदा दिवे घेऊन गेले टेकडीवर. रात्रीचे! याला दिवसा उडायची सवय आहे आणि हे रात्री चादरी टांगून बसले. लेबलावर फक्त टेकडीचं नाव आहे. ते पत्र कुणी वाचलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

आम्ही दर रविवारी जायला लागलो. बसनं दोन तास, मग पाऊण तास चढ. भट्टी पडकी होती, तिची दक्षिणेकडची भिंत तेवढी शाबूत होती, आणि तिच्यावर करडी, खरखरीत दगडफुलं चढली होती. आम्ही भिंतीसमोर डबे घेऊन बसायचो. पतंग राखेच्या रंगाचा, भिंत राखेच्या रंगाची. नऊ रविवार गेले. मोसम संपला. पुढच्या वर्षी पुन्हा सुरुवात केली. माझ्या परीक्षा होत्या तरी मी जायचे, कारण तिला एकटीला पाठवायची भीती वाटायची. चढताना ती साहेबांना, समितीला, स्वतःच्या बापाला आणि कधीकधी मलाही शिव्या घालायची, धाप लागली तरी थांबायची नाही.

दुसऱ्या वर्षीच्या सहाव्या रविवारी भिंतीचा एक तुकडा उडाला. मला तसंच वाटलं. मावशीनं जाळी मारली ती डाव्या हातानं, कारण उजव्या करंगळीमुळे तिची पकड बसत नसे. जाळीत तो होता. जिवंत, पूर्ण, पंखांची पूड शाबूत. मी आनंदानं ओरडले. ती ओरडली नाही. तिनं भिंगातून पाहिलं आणि जाळी माझ्या हातात देऊन दगडावर बसली.

"बारीक आहे," ती म्हणाली. "पोट बारीक आहे."

घरी आल्यावर तिनं तो टोचला. वाकड्या बोटानं, स्वयंपाकघराच्या टेबलावर, कॉर्कच्या तुकड्यावर. मग तो तुकडा उचलून खिडकीशी गेली आणि आजोबांसमोर ठेवली. दीड वर्षात ती पहिल्यांदा त्यांच्याशी "घ्या" सोडून काही बोलली.

"बघा."

आजोबांनी भिंग डोळ्याला लावलं. हात हलत होता म्हणून दुसऱ्या हातानं मनगट धरलं. फार वेळ बघितलं.

"मी फारच जाडं लावलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"डांबरगोळ्या घातल्यास का पेटीत?"

मावशी एकदम उसळली. "मला शिकवता? तुम्ही? मला?" आणि मग तिनं आजोबांना जे सुनावलं ते दीड वर्षाचं साठलेलं होतं, आजीचं दुखणं आणि तिची नोकरी आणि तीस वर्षांचे नमस्कार, सगळं. आजोबा मान खाली घालून ऐकत राहिले. मी मध्ये पडले नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गेले, पण तोवर दोघं रोज भांडत होते, आणि माझ्या मते त्या अबोल्यापेक्षा ते पुष्कळ बरं होतं.

पतंग मावशीनं आपल्या संग्रहालयाला दिला नाही. त्या दूरच्या विद्यापीठातल्या बाईला पाठवला, आजोबांच्या तीन पानी पत्राच्या नकलेसह. बाईनं पोट उघडलं. पोटावर कान नव्हते. छातीवर दोन होते, बस्स. लेख छापून आला. चार कान खोटे ठरले आणि साहेबांचं कुळ रद्द झालं. लेखाच्या शेवटी आभारात 'एका माजी सहकाऱ्याचे' असं होतं. मावशी माजी नव्हती, आणि तिला नावही होतं. तिनं त्या बाईला कडक पत्र लिहिलं. बाईनं माफी मागून पुढच्या अंकात दुरुस्ती छापली, हे मात्र सांगायला हवं.

साहेबांनी उत्तरात चार ओळी छापल्या : जुन्या कर्मचाऱ्यानं केलेल्या लबाडीमुळे आपण फसलो, त्या कर्मचाऱ्याचं आता निधन झालं असल्यानं अधिक बोलणं योग्य नाही. हे वाचून माझी आई, जी इतके दिवस मावशीशी तुटक वागत होती, ती अंगावरच्या कपड्यांनिशी संग्रहालयात गेली आणि साहेबांच्या खोलीबाहेर उभी राहून ओरडली, "माझा बाप लबाड नव्हता. भित्रा होता. लबाड तुम्ही!" टायपिस्टनं उठून सगळ्यांसमोर सांगितलं की साहेबांना ठाऊक होतं, त्यांच्या तोंडची 'नोकरी कुणी दिली' ही भाषा मी या कानांनी ऐकलीय. त्यातून निष्पन्न काहीच झालं नाही. साहेब पुढच्या वर्षी मानानं निवृत्त झाले. जिन्याच्या वळणावर त्यांचा मोठा फोटो लागला. गुडघे दुखत असूनही मावशी मागच्या लोखंडी जिन्यानं जायची.

नवे प्रमुख आले. माणूस बरा होता. त्यांनी मावशीला पिशव्यांच्या खिडकीवरून परत वर आणलं, आणि पहिल्याच दिवशी सांगितलं की त्या जुन्या नमुन्याला नवं लेबल करा.

"काय लिहू?"

"लिहा, जुन्या दुरुस्तीच्या वेळी पोट बदललं गेलं. कुळ अनिश्चित."

"बदललं गेलं? आपोआप गेलं का?" मावशी म्हणाली. "कुणी बदललं ते लिहिते. माझ्या वडिलांनी. आणि ते कुणाला सांगितलं होतं, तेही लिहिते."

"बाई, लेबल केवढं असतं? त्यात एवढं मावत नाही."

"मग खोटं तेवढं बरं मावलं तीस वर्षं!"

त्यांनी ऐकलं नाही. लेबल तिनं लिहिलं नाही, ते टायपिस्टकडून टाइप करून घेतलं. तिच्या हाताखालून गेलेल्या नमुन्यांत तेवढंच एक लेबल तिच्या अक्षरातलं नाही.

कुळाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. छातीवरच्या कानांवरून तो एका मोठ्या गटात बसतो, पण त्या गटातल्या एकाही कुळाशी पंखांच्या शिरा जुळत नाहीत. ती बाई म्हणते, याची अळी मिळायला हवी. अळी काय खाते, तिच्या पायांची रचना कशी, तिच्या अंगावर केस कुठे, यावरून कळेल. दोन विद्यापीठांनी अंदाज छापले आहेत. मावशी ते वाचते आणि समासात पेन्सिलीनं लिहिते, 'पाहिलंय का?'

आता तीही निवृत्त झालीय. तिचा अंदाज असा की अळी भट्टीच्या भिंतीवरची दगडफुलं खात असणार. मोसमात ती दर रविवारी जाते, सुट्टी असली की मीही जाते. भिंतीचा वरचा भाग गेल्या वर्षी कोसळला. भिंत वाचवा म्हणून तिथल्या सरकारी कार्यालयाला तिनं चार पत्रं लिहिली, एकालाही उत्तर आलं नाही. परवा आम्ही सबंध सकाळ भिंत बोटाबोटानं तपासली. दोन गोगलगायी मिळाल्या, एक कोळी. उतरताना मी म्हटलं, "मावशी, पुढच्या रविवारी पाऊस सांगितलाय."

"सांगू दे," ती म्हणाली. घरी आल्यावर तिनं बूट काढून दारात फेकले, एक इकडे, एक तिकडे, आणि पाचवं पत्र लिहायला बसली.